देव्हाऱ्यातलं पाकीट

फोन करून कुणाची सिगारेट सुटते का, ही शंका मला पहिल्या दिवसापासून होती. देवाला हात जोडून ती सुटते, यावर तर माझा त्याहून कमी विश्वास होता. उल्हासनगरच्या ज्या रुग्णालयात मी सारी नोकरी सिस्टर म्हणून काढली, तिथल्याच डॉक्टरांनी निवृत्तीनंतर मला परत बोलावून हे काम दिलं. हृदयाचे, फुप्फुसांचे रुग्ण वॉर्डात असेपर्यंत सिगारेट सोडतात, कारण तिथे त्यांना ओढू देतो कोण? घरी गेले की चार दिवसांत पुन्हा सुरू. म्हणून घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग दर आठवड्याला त्यांना फोन करायचा, विचारपूस करायची, धीर द्यायचा. माझा आवाज सगळ्या वॉर्डाच्या ओळखीचा होता. औषध न घेणारे पेशंट नुसत्या हाकेने गोळी गिळायचे. तोच आवाज फोनवरही चालेल असं मी धरून चालले, आणि तिथेच चुकले.

हे काम मी आनंदाने घेतलं ते दादांमुळे. दादा म्हणजे माझे वडील. अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात ते कामाला होते आणि आम्ही पश्चिमेला एका चाळीत राहायचो. कारखान्याचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची आणि चहा गाळेपर्यंत दादा दारात हजर असायचे. त्यांच्या शर्टाला ओल्या लाकडाचा, काडीच्या गुलाचा आणि सिगारेटचा मिळून एक वास यायचा. लहानपणी मला तो फार आवडायचा. आज तो कारखाना नाही, भोंगा नाही, ती चाळही नाही, पण कुठे नव्या लाकडाला रंधा लागला की मी क्षणभर त्या दारात जाऊन उभी राहते.

दादांची एक रीत होती. श्रावण लागला की सकाळी अंघोळ करून ते अर्धं उरलेलं पाकीट देव्हाऱ्यात शंकराच्या तसबिरीमागे ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "महादेवा, हे तू सांभाळ. माझ्याच्यानं व्हायचं नाही." आई करवादायची, "देवाला काय पानाच्या गादीवर बसवलंय?" आम्ही पोरं हसून लोळायचो. पण तो महिनाभर दादा खरोखर सिगारेटला शिवायचे नाहीत. चहा झाला की हात सवयीने खिशाकडे जायचा, रिकामा परत यायचा, आणि दादा देव्हाऱ्याकडे बघून ओशाळं हसायचे. श्रावण सरला की पाकीट पुन्हा खिशात. दर वर्षी एक महिना जमतं, मग पुढचा का नाही, हे त्यांना आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

पुढे मी सिस्टर झाले आणि दादा आमच्याच वॉर्डात छातीचं दुखणं घेऊन आले. पुन्हा ओढणार नाही असं त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. घरी आणल्याला आठ दिवस झाले आणि त्यांच्या शर्टाला तो वास आला. मला इतका संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. औषध द्यायचे, डबा ठेवायचे, पण शब्द नाही आणि जवळ बसणं नाही. महिन्याभराने, मार्गशीर्षात, दादा गेले. दिवस झाल्यावर देव्हारा पुसताना तसबिरीमागे सिगारेटचं पाकीट सापडलं. फोडलेलं, आतली फक्त एक कमी. देवाच्या आडसुद्धा लपवून ओढत होते, असं म्हणून मी ते कचऱ्यात भिरकावलं. माझं रडणंही त्या रागात आटून गेलं.

इतक्या वर्षांनी हे आठवायचं कारण म्हणजे भोईर. जांभूळ गावच्या पाणी केंद्रावर पंप चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला. हृदयाचा झटका येऊन आमच्याकडे आले आणि वाचले. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, सिगारेट पुन्हा सुरू झाली तर दुसऱ्या झटक्यातून हे हृदय सावरेलच असं नाही. घरी गेल्यावर तीन आठवडे भोईर माझ्याशी फोनवर छान बोलले. चौथ्या वेळी आवाज पडलेला होता. म्हणाले, "सिस्टर, खोटं नाय बोलत. काल जेवल्यावर एक वढली. देवाशप्पत, एकच."

मी काय बोलले ते सगळं लिहवत नाही. बायकोच्या कुंकवाचीही पर्वा नाही का, इथपर्यंत मी गेले. त्यानंतर भोईरांनी माझा फोन उचलला नाही. सलग नऊ दिवस मी रोज लावत होते. चिडून सुरुवात केली होती, शेवटी शेवटी त्यांनी नुसता उचलावा म्हणून घंटा मोजत बसायचे. त्या एका सिगारेटने केलं नसतं ते नुकसान मी केलं होतं, हे मला पुरतं कळून चुकलं होतं.

दहावा दिवस सोमवार होता. आईची सवय म्हणून दर सोमवारी मी पूल ओलांडून अंबरनाथ पूर्वेच्या जुन्या शिवमंदिरात जाते. त्यात भक्तीपेक्षा सवयच जास्त. पौषातला साधा सोमवार, त्यामुळे गर्दी नव्हती. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून मी पिंडीसमोर उभी राहिले, पण मागायचं काय तेच सुचेना. माझ्या पुढच्या माणसाने बेल वाहिला आणि खिशातून सिगारेटचं पाकीट काढून बेलाशेजारी ठेवलं. अंगावर कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट होता. तिथला राखणदार ओरडला, "ओ भाऊ, काय पण काय टाकता?"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "टाकत नाय दादा, सोपवतोय. काल एक ओढली. घरात ठेवली की हात जातोच. मला नाय जमत, म्हणून याच्याकडे."

तो पायऱ्या चढून गेला. मी जागच्या जागी खिळले. श्रावण नव्हता, तरी त्याने पाकीट देवाला दिलं होतं. दादांनी दिलं तेव्हाही श्रावण नव्हता. श्रावण उलटून तीन महिने होत आले होते. पाकिटातली एकच कमी होती आणि त्या एकीचाच वास मला आला होता. दादांनी पाकीट लपवलं नव्हतं, सोपवलं होतं. त्यानंतर त्यांच्या शर्टाला कसला वास येत होता, ते मला ठाऊक नाही, कारण मी पुन्हा त्यांच्या जवळ बसलेच नाही. मी पायऱ्यांवर बसून लहान मुलीसारखी रडले. वर येऊन त्या माणसाला शोधलं, पण तो कुठे दिसला नाही. तो कोण होता आणि त्याच दिवशी माझ्याच पुढे कसा उभा राहिला, याची चिकित्सा मी करत नाही.

तिथूनच रिक्षा करून मी जांभूळला गेले. भोईर ओट्यावर बसले होते. मला बघून उठून आत जाऊ लागले. मी म्हटलं, "भोईर, ओरडायला नाही आले. माफी मागायला आलेय." मग दादांची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. भोईर वहिनी दाराशी डोळे पुसत होत्या. भोईर पुन्हा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "पन सिस्टर, जल्मभराचा शब्द मना नाय देववत."

"जन्मभराचा कोण मागतंय? शिवरात्रीपर्यंत द्या."

ते उठले, उशीखालचं पाकीट काढलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. शिवरात्र झाली तेव्हा मी फोन करून म्हटलं, आता पाडव्यापर्यंत. पाडव्याला म्हटलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत. मग वहिनींची वटपौर्णिमा आली, आषाढी आली, श्रावण तर हक्काचाच. आपल्या पंचांगात कसलाच सण नसलेला महिना शोधून सापडायचा नाही. मधे दोनदा त्यांचा हात देव्हाऱ्यापर्यंत गेला, दोन्ही वेळा त्यांनी आधी मला फोन लावला.

यंदाच्या शिवरात्रीला भोईर वहिनींना घेऊन जत्रेला आले आणि वाटेत माझ्या घरी थांबले. "पाकीट हाय तिथंच हाय," म्हणाले. "आता त्याची याद बी देवालाच येत असंल." आम्ही तिघंही पोटभर हसलो.

दादांची ती तसबीर आता माझ्या देव्हाऱ्यात आहे. देवाने मला फार उशिरा शहाणं केलं असं कधी कधी वाटतं, पण केलं, याचे उपकार मोठे आहेत. त्या तसबिरीमागची जागा मी रिकामीच ठेवली आहे. रोज फोनला बसण्याआधी तिथे बोटं टेकवते आणि माझा राग, माझी ही जीभ तिथे ठेवते. म्हणते, महादेवा, हे तू सांभाळ. माझ्याच्यानं व्हायचं नाही.