मनकर्णाबाईंचा वन्समोअर

मूर्तिजापूर स्थानकावर गाडी थांबली की सूर्यभानजी आधी आपली बाजाची पेटी डब्यात चढवीत आणि मग स्वतः चढत. बडनेऱ्याहून बसलेल्या मनकर्णाबाईंनी शेजारची जागा पिशवी ठेवून राखलेली असे.

"पेटीचं तिकीट काढलं काय, भाऊ?" बाई विचारीत.

"तुमच्या पिशवीचं काढलं काय? भाकरी न ठेच्याचं वजन माह्या पेटीहून जास्त हाये."

बाईंची सून प्राजक्ता खिडकीशी बसून हसत असे. सत्तरीकडे झुकलेली ही दोन माणसे अकोल्याला निघालेली असत, ती मनकर्णाबाईंची गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी. त्या प्रवासांतून जी ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली, ती आज बाईंच्या पश्चात वऱ्हाडातल्या अनेक घरांत ऐकली जाते. पाच नाट्यपदे आणि चार जुनी भावगीते. सारीच लोकांना मुखोद्गत असलेली, शेकडो कंठांतून गेलेली. इतक्या परिचित गीतांत नवे ते काय उरले असणार? आणि तरीही ऐकताना ते शब्द आपल्यापाशी प्रथमच आले आहेत अशी प्रतीती येते. हे कसे घडले, ते सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मनकर्णाबाई वानखडे मूळच्या अचलपूरच्या. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवीत. मुलीच्या कानावर ताल पडला तो तिथे. लग्न होऊन त्या अमरावतीला राजापेठेत आल्या आणि शिकवणीवर्गांसाठी खेड्यांतून येणाऱ्या मुलांची खाणावळ चालवू लागल्या. दुपारी पोळ्या लाटणारी ही बाई संध्याकाळी हौशी नाट्यमंडळाच्या रंगभूमीवर राजकन्या होई. त्यांची पट्टी काळी पाच, म्हणजे भल्याभल्यांना दम लागेल इतकी उंच. तार षड्जावर त्यांचा स्वर निवाऱ्यातल्या ज्योतीसारखा निष्कंप उभा राही. शेवटच्या रांगेला ध्वनिक्षेपकाची गरज पडत नसे.

संगीत नाटकातली वन्समोअरची प्रथा आता पुष्कळांना ऐकूनच ठाऊक असेल. पद संपले आणि प्रेक्षकांना ते भावले, की सभागृहातून 'वन्समोअर'चा घोष उठे. मग कथानक तिथल्या तिथे थांबे आणि मरणोन्मुख नायकही उठून बसून तेच पद पुन्हा म्हणे. मनकर्णाबाईंचा एक नेम होता. पहिल्यांदा पद परंपरेने आले तसे गायचे. वन्समोअर मिळाला तर दुसऱ्यांदा आपल्या मनाचे. जाणते रसिक येत ते ह्या दुसऱ्या गाण्यासाठीच. एकदा अचलपुरात निरोपाचे पद म्हणून नायिका गाठोडे घेऊन विंगेत गेली. वन्समोअर आला, ती परतली, गायली, गेली. पुन्हा वन्समोअर आला. तिसऱ्या खेपेला पेटीवर बसलेले सूर्यभानजी ओठ न हलवता पुटपुटले, "बाई, आता जा न व, एसटी सुटून राहिली." नायिकेला हसू आवरेना आणि ते हसू हुंदका समजून प्रेक्षक डोळे पुसू लागले.

सूर्यभानजी मूर्तिजापूरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. बाईंना त्यांनी आयुष्यभर साथ केली. पण कौतुकाचा शब्द कधी उच्चारला नाही. "साथीदारानं वाहवा केली तं गाणाऱ्याले चढते," हे त्यांचे मत.

मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, प्राण वाचले. मात्र स्वर उतरला. बोलणेही घोगरे झाले. जेवणासाठी मुलांना हाक जाईना, म्हणून बाई ताटावर पळी वाजवून बोलावू लागल्या. गाण्याचे नाव त्यांनी टाकले. नाटकाचे आमंत्रण आले की सांगत, "तो आवाज गेला, बाप्पा. त्याच्यासंगं मीही गेली असं समजा."

अशी काही वर्षे लोटली. एका सकाळी कणीक मळताना बाई खालच्या स्वरात काही गुणगुणत होत्या. प्राजक्ता दाराशीच थबकली. सासूबाईंचे जुने गाणे तिने लग्नात एकदा ऐकले होते; त्याने ती दिपली होती. ह्या गुणगुणण्याने मात्र तिला काही सुचेनासे झाले. अकोल्याच्या ललित नावाच्या तरुणाकडे छोटासा स्टुडिओ आहे हे तिला ठाऊक होते. तिने परस्पर दिवस ठरवला आणि मग सांगितले.

बाई संतापल्या. "काहून व पोरी? हा आवाज माहा नाही असं लोकायले वाटलं तं? जे चांगली आठवण हाये तेही जाईन."

"आई, नाही आवडलं तर पुसून टाकू."

बाई जरा निवळल्या. म्हणाल्या, "मग माही एक अट हाये. ज्या पदाले खोलीतल्या एकानं तरी मनापासून वन्समोअर दिला, तेच ठेवायचं. बाकी सारं पुसायचं."

स्टुडिओत ही अट ऐकून ललित म्हणाला, "आजी, त्याची काळजी नको. आपण हवे तितके टेक घेऊ."

"टेक निराळं न वन्समोअर निराळा, बाबू. टेक चुकलं म्हणून घेतेत. वन्समोअर चुकलं नाही म्हणून भेटते."

पहिल्या दिवशी सूर्यभानजींनी पेटीवर काळी पाचचाच षड्ज धरला. बाई गाऊ लागल्या. अंतऱ्यात तार षड्जाशी स्वर दुभंगला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "पट्टी उतरवा."

"ते पद काळी पाचचं हाये," सूर्यभानजी म्हणाले. "खाली आणलं तं ते पदच राहत नाही."

ललितने वाट काढली. बाईंनी खालच्या पट्टीत गावे. संगणक तो आवाज उचलून काळी पाचवर नेईल. सूर्यभानजींचा चेहरा उजळला. त्या जुन्या स्वराची तृष्णा बाईंपेक्षा त्यांनाच अधिक होती. नमुन्यादाखल चार ओळी झाल्या. ध्वनिवर्धकातून एक तरुण, लख्ख, अस्खलित आवाज आला. सूर्यभानजींनी डोळे मिटले.

बाईंनी मात्र विचारले, "ही कोण व?"

"तुम्हीच की, आजी."

"मी नोहे. मी एवढी गुळगुळीत कधीच नव्हती. पूस ते."

"राहू द्या न, बाई," सूर्यभानजी काकुळतीला आले. "लोकायले हाच पाहिजे."

"लोकायले पाहिजे असन. लोकं पैसे देऊन वेशीवरच्या पुतळ्यालेही हार घालतेत. मले जितेपणी गाऊन घ्यायचं हाये, भाऊ." मग प्राजक्ताला म्हणाल्या, "तंबोरा लाव. पांढरी चार."

सूर्यभानजींनी पेटीचा भाता मिटला आणि हात मांडीवर घेऊन बसले. साथीविना, केवळ तंबोऱ्यावर, त्या उतरलेल्या पट्टीत बाईंनी तेच निरोपाचे पद आरंभले.

मंद्राचे, म्हणजे खालच्या सप्तकाचे, स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा, असे आपले प्राचीन संगीतशास्त्र मानते. त्याचा अर्थ उमगायला ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. पूर्वी जे पद मस्तकातून निघून छताला भिडे, ते इथे छातीच्या तळातून उगवते. लय इतकी संथ, की शब्दाशब्दामध्ये बसायला जागा आहे. ताना बहुतेक गळून पडल्या आहेत; फांदीवर पान नसावे आणि झाडाची आकृती प्रथमच दिसावी, तसे. पूर्वीची नायिका निरोप घेताना परतणार हे ठाऊक असल्यासारखी गाई. ही तशी गात नाही. वरच्या स्वराशी आल्यावर आवाज जरा खरखरतो, थांबतो, आणि त्या स्वराला न शिवता नुसता त्याच्याकडे पाहून परततो. न गायलेला स्वर इतका स्पष्ट ऐकू येणे फार थोड्यांना साधते.

पद संपले. तंबोरा झंकारत राहिला. ललितचा हात बंद करण्याच्या कळीवर होता, पण ती दाबवेना. तेवढ्यात खोलीत एक घोगरा, म्हातारा शब्द उमटला.

"वन्समोअर."

सूर्यभानजी खाली पेटीकडेच पाहत होते.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या, "घोटभर पाणी पेऊ द्या."

आणि त्या दुसऱ्यांदा गायल्या, आपल्या मनाचे. ह्या खेपेला पेटी होती, पांढरी चारमध्ये, बाईंच्या पावलामागून दबकत चालणारी.

पुढे ललितने तो शब्द आणि ते पाणी पिणे पुसून टाकण्याचे सुचवले, तेव्हा बाई म्हणाल्या, "साऱ्या जन्मात एकच वाहवा देल्ली या माणसानं. तेही पुसतं?" म्हणून तो प्रसंग ध्वनिमुद्रिकेत जसाच्या तसा आहे. बाकीची आठही गीते अटीला उतरली. त्यांतले पिलू रागातले भावगीत मला विशेष प्रिय आहे. खेळकर गीत असूनही बाई त्यात हसत नाहीत, हसू ऐकणाऱ्यावर सोपवतात. एका गीतामागे ललितने संगणकीय बासरी घातली आहे, ती नसती तर बरे होते. पण शेवटची भैरवी ऐकेपर्यंत ती विसरायला होते.

गेल्या हिवाळ्यात मनकर्णाबाई गेल्या. राजापेठेतल्या एका सभागृहात नाट्यमंडळाचे जुने लोक आणि खाणावळीत जेवून मोठी झालेली मुले जमली. मंचावर बसायला सूर्यभानजींनी नकार दिला. पेटी पायाशी ठेवून ते पहिल्या रांगेत बसले. भाषणे झाली. प्रत्येक वक्त्याने त्या काळी पाचच्या स्वराचीच आठवण काढली. प्राजक्ता अस्वस्थ झाली. लोकांना हा आवाज परका वाटेल ही सासूबाईंची भीती तिला आता तिथे समोर दिसत होती. तरी तिने निरोपाचे पद लावले.

पहिल्या ओळीला कुजबुज झाली. "हा आवाज बाईचा?" कोणीसे म्हणाले. "नोहे बाप्पा." दुसऱ्या ओळीला ती विरली. अंतरा आला, तो स्वर आला ज्याला बाई शिवत नाहीत, आणि अचलपूरहून आलेल्या वृद्ध पार्बताबाईंनी, ज्यांनी बाईंना तरुणपणी ऐकले होते, पदर तोंडाशी नेला. पद संपले. तंबोरा झंकारत राहिला.

ध्वनिवर्धकातून सूर्यभानजींचा शब्द येण्याआधीच तो सभागृहातून आला. आधी मागच्या रांगेतून एक, मग दहा, मग सारे, जसे पूर्वी येई तसे. त्या घोषात मुद्रित झालेला तो एकटा, म्हातारा वन्समोअर बुडून गेला. सूर्यभानजी मान खाली घालून बसले होते. त्यांचा हात मात्र पेटीच्या भात्यावर गेला होता.

घोष ओसरला आणि वरून, ध्वनिवर्धकातून, बाईंचे उत्तर आले, "थांबा जरा, घोटभर पाणी पेऊ द्या."

सारे सभागृह थांबले.