काका, जरा बाजूला व्हाल का?

अंधेरीत माझा छोटा स्टुडिओ आहे. आठवडाभर मी चेहरे काढते. लग्नासाठी फोटो हवे असलेल्या मुली, कंपनीच्या वेबसाइटसाठी कोट घालून येणारे साहेब, साठीला नातवंडांसोबत बसलेले आजोबा. हनुवटी किंचित खाली, खांदे सैल, इकडे बघा. शनिवारपर्यंत माणसं नकोशी व्हायची. म्हणून रविवारी सकाळी वर्सोव्याहून बोटीने मढला जायचे, स्वतःसाठी फोटो काढायला. ओहोटीत उघडा पडलेला चिखल, कलंडलेल्या होड्या, बोंबील वाळत टाकलेल्या दोऱ्या, मागे राखाडी पाणी. चौकटीत माणूस आला, की तो जाईपर्यंत मी थांबायचे.

तिथे एक काका दर वेळी जाळी दुरुस्त करत बसलेले असायचे. साठीच्या आसपासचे, काळेसावळे, डोक्याला रुमाल. त्यांची जागा नेमकी माझ्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात.

"काका, जरा बाजूला व्हाल का?"

"होतो गो बाय," म्हणत ते जाळं ओढत पलीकडे जायचे. कुरकुर नाही. माझं झालं, की परत जागेवर. असं दोन वर्षं चाललं. त्यांची बायको शेजारीच बोंबील पसरवायची. ती माझ्याकडे बघून हसायची आणि नवऱ्याला म्हणायची, "तुला कोन इचारतंय, तिला फोटूत पानी पायजे."

एकदा काकाच म्हणाले, "माजा पन काढ ना एक."

उजेड झपाट्याने चढत होता, पाण्यावरचं धुकं विरत चाललं होतं. मी कॅमेऱ्यातून डोळा न काढताच म्हणाले, "काढते हां, पुढच्या वेळी."

"चालंल," ते म्हणाले.

त्यानंतर लग्नसराईच्या कामांत माझे सहा-सात रविवार बुडाले. परत गेले तेव्हा डावा कोपरा रिकामा होता. मला आवडलंच ते. चार फोटो काढले. मग काकांची बायको, मावशी, आली. हातात बोंबलाची पाटी नव्हती, कपाळावर कुंकू नव्हतं.

"होरीवरच गेला, दर्यात," ती म्हणाली. "छातीत दुकतंय बोल्ला, धक्क्यापरयंत आनला नाय तर गेला."

मी कॅमेरा खाली घेतला. तीच पुढे म्हणाली, "बाय, तुज्याकडं असंल ना त्याचा फोटू? तू तर दर रयवारी काडतेस."

घरात लावायला तिच्याकडे फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो तिला नको होता. "त्यात चोरावानी दिसतो," ती म्हणाली. पुतणीच्या लग्नातल्या एका फोटोत काका होते, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाच्या फेट्याआड.

"बघते," एवढंच मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे फोटो मागितला होता, हे तिला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

घरी येऊन दोन वर्षांचं सगळं उघडलं. निवडलेल्या फोटोंत काका कुठेच नव्हते, याची काळजी मीच घेतली होती. मग टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेले फोटो बघायला घेतले. एकात नुसता कोपर. एकात पाठ. एकात रुमाल आणि खाली वाकलेली मान. बघता बघता दोन दिवस गेले. शेकडो फोटोंनंतर एक सापडला. मी बाजूला व्हायला सांगितलं असणार आणि चुकून बटण दाबलं गेलं असणार. काका अर्धवट उठलेले, जाळं कवेत, वळून थेट माझ्याकडे बघताहेत. उजवा हात वर, होतो होतो म्हणणारा. चेहरा जरा हललाय. स्टुडिओत असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलाच नसता.

तोच मोठा करून, काचेत बसवून घेऊन गेले. मावशीने तो मांडीवर ठेवला आणि काचेवरून पदर फिरवला.

"हा, असाच," ती म्हणाली. "कोनी कायपन सांगितला का हात वर. मी वरडायची, अरे एकदा तरी नाय बोल."

आणि मग ती रडली. मी तिच्या ओट्यावर बसून राहिले. माफी मागायची होती, शब्द जुळवूनही आणले होते. पण त्या वेळी माझं ओझं तिच्या मांडीवर टाकणं बरं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी तिच्या ओट्यावर आणखी दोघी बसलेल्या होत्या. तिने काकांचा फोटो दाखवला होता त्यांना. एकीचा सासरा गेला होता, दुसरीचा मुलगा. तो होडीवरून पडला आणि सापडलाच नाही. त्यांच्याकडेही फोटो नव्हते, म्हणून मी लॅपटॉप नेऊ लागले. उजेड चढायच्या वेळी किनाऱ्यावर न जाता ओट्यावर बसायचे आणि एकेक फोटो त्यांच्यासमोर सरकवायचे. त्या स्क्रीनला नाक लावून कोपऱ्यांत बघायच्या. सासरा दुसऱ्याच रविवारी सापडला, दूर होडीत उभा, नखाएवढा. सुनेने त्याला बांध्यावरून ओळखलं.

मुलगा कुठेच नव्हता. मी सगळे फोटो दोनदा दाखवले. त्याची आई म्हणाली, "तो उशिरा उठायचा गं. तू येयाची तवा झोपलेला आसंल." मग ती उठली आणि मला चहा हवा का विचारून आत गेली.