कुंकू लावलं आणि चारी दारं बंद झाली

गाडी सुरू होती. चारी दारं लॉक होती. काचा वरपर्यंत चढवलेल्या. किल्ली आत, स्टेअरिंगशेजारी लोंबकळत होती आणि गाडीचे मालक हातात न फोडलेला नारळ घेऊन बाहेर उभे होते.

"मेस्त्री, आता कसं वो?" आप्पा म्हणाले.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडीतली वायर, दिवे, हॉर्न, सेल्फ ही माझी कामं. उद्यमनगरात दुकान आहे. त्या दिवशी मात्र मी आप्पांकडे पाहुणा म्हणून गेलो होतो, धुतलेला शर्ट घालून.

आप्पा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. त्यांची फियाट तेव्हाही जुनीच म्हणायची, पण आप्पांनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. अडचण एवढीच, की चार दारं चार वेळा लॉक करायची आणि आप्पा एक तरी विसरायचे. एका पौर्णिमेला दोघं नवराबायको वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेली. परत येऊन बघतात तर मागच्या सीटवरची अक्कांची पिशवी गायब. पिशवीत कोरी इरकल साडी होती, घडीसुद्धा न मोडलेली. चोराला काच फोडावी लागली नव्हती, नुसतं दार उघडावं लागलं होतं.

अक्का म्हणजे आप्पांची बायको. माहेर सीमेपलीकडचं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की ही गाडी विकायची. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला तेच हवं होतं. त्याने कागलचं एक गिऱ्हाईक हेरलं आणि दसऱ्याला त्याला घेऊनच येतो म्हणून कळवलं. आप्पांनी फार गयावया केल्यावर अक्का एवढंच म्हणाल्या, की चारी दारं एका किल्लीवर लागायला लागली तर बघू.

म्हणून आप्पा माझ्या दुकानात आले. त्या काळात जुन्या गाडीला बाहेरून बसवायचे सेंट्रल लॉकिंगचे किट नुकतेच सगळीकडे मिळायला लागले होते. मी एक काढून दाखवला. आप्पांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मी बसवणार. तुमी निसतं सांगायचं."

गिऱ्हाइकाने स्वतः काम करतो म्हटलं की माझं डोकं उठतं. वेळ दुप्पट जातो आणि बिघडलं की नाव आपलं निघतं. पण त्या गाडीच्या दाराचं आतलं पॅड दुसऱ्याने उचकटलेलं आप्पांना बघवलं नसतं, हेही मला माहीत होतं. शिवाय दरवर्षी घरी त्यांच्याकडून काकवी येते. मी हो म्हटलं.

काम सांगतो. प्रत्येक दारात एक छोटी मोटर बसते. ती एक सळी खाली ओढते किंवा वर ढकलते. ती सळी दारातल्या मूळ लॉकच्या सळीला जोडायची. ड्रायव्हरच्या दारातली मोटर जरा शहाणी असते. तिथलं लॉकचं बटण खाली गेलं की ती बाकीच्या तिघींना निरोप देते, आणि त्या आपापली दारं ओढून घेतात. बटण वर आलं की सगळी उघडतात. बस्स, एवढंच शास्त्र.

आप्पांनी स्टूल घेतलं आणि दुकानाच्या दारात बसून कामाला लागले. काच फिरवायच्या हँडलमागे एक तारेची क्लिप असते. ती काढताना उडते, हे मी सांगितलं होतं. ती उडाली. शोधण्यात अर्धी सकाळ गेली, शेवटी आप्पांच्या धोतराच्या सोग्यात सापडली. मग दारातून गाडीत जाणाऱ्या वायरला ढील ठेवायला सांगितलं, नाहीतर दार लावताना वायर चेंगरते. आप्पांनी इतकी ढील ठेवली, की त्यात आणखी एक दार बसलं असतं. ती कमी करून घेतली.

पहिल्या टेस्टला मजा झाली. ड्रायव्हरचं बटण खाली दाबलं की पुढची दोन दारं लॉक व्हायची आणि मागची दोन उघडायची. बटण वर ओढलं की बरोबर उलटं. मागच्या मोटरींच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. आप्पा चार वेळा खालीवर करून बघत राहिले.

"हे आमच्या घरागत झालंय," ते म्हणाले. "मी गप बसलो की अक्का सुरू."

वायरी बदलल्या. पुन्हा बटण दाबलं. चारी दारांतून एकदमच खट्ट आवाज आला. आप्पांचा चेहरा असा फुलला, की माझा सगळा वैताग गेला. त्यानंतर म्हणे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून तो आवाज ऐकवला. अक्कांनी मात्र तो एकदा ऐकून घेतला. त्या दसऱ्याची वाट बघत होत्या. आप्पाही बघत होते, पण जीव मुठीत धरून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याची अवजारं, आमची पक्कड आणि पाने, घरातली विळी, सगळं धुऊन मांडायचं, गंधफूल वाहायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाडीचीही पूजा होते. आप्पांनी मला गुरू म्हणून बोलावलं होतं. कामात मला एवढा मान कुणी दिला नव्हता, त्यामुळे मी खुशीत गेलो.

बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे, त्यावर झेंडूचा हार. आप्पांनी गाडी सुरू केली, कारण चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायची होती. मग नारळ फोडायला म्हणून खाली उतरले. अक्का ताट घेऊन आल्या. स्टेअरिंगला कुंकू लावलं, मीटरला लावलं, गिअरला लावलं. आप्पा म्हणाले, नव्या कामालाही लावा. ड्रायव्हरच्या दाराचं बटण खिडकीच्या खालच्या कडेवर डोकं काढून उभं होतं. अक्कांनी त्यावर कुंकवाचा अंगठा टेकवला. कुंकू नीट लागावं म्हणून जरा दाबून टेकवला. बटण खाली गेलं, बाकीच्या तीन दारांत खट्ट झालं. आप्पांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं, गाडीला हात जोडले आणि ड्रायव्हरचं दार अलगद लावून टाकलं.

पूर्वी असं झालंच नसतं. आप्पा एखादं दार विसरायचेच, त्यातून आत जाता आलं असतं. आता विसरायची सोयच राहिली नव्हती.

मी डुप्लिकेट किल्ली विचारली. आप्पा खाली बघत म्हणाले, की ती हरवू नये म्हणून डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे.

तोवर थट्टाच चालली होती. मग मी काचेला डोळे लावले आणि टेम्परेचरचा काटा पाहिला. ऑक्टोबरचं ऊन, जुनं इंजिन, आणि गाडी जागच्या जागी सुरू. काटा वर चालला होता. असंच चाललं तर पाणी उकळून इंजिन बसणार. वायर काढून इंजिन बंद करावं तर बॉनेटचा खटकाही आतच. आणि उद्या कागलचं गिऱ्हाईक येणार. बसलेल्या इंजिनाची गाडी अक्का एक दिवससुद्धा दारात ठेवून घेणार नव्हत्या. हे आप्पांच्याही लक्षात आलं. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

इंजिन गुदमरवून बंद करावं म्हणून मी सायलेन्सरच्या तोंडात ओलं पोतं कोंबलं. सायलेन्सर खालून कुजलेला. धूर पोटातून निघायला लागला आणि इंजिन सुरूच. मग मी म्हटलं, पुढची तिकोनी काच फोडतो.

"काच फुटली तर उद्या कशाला, आजच घिऊन जाऊ दे त्या कागलवाल्याला," अक्का म्हणाल्या.

दुकानातून दाराच्या फटीत घालायची पट्टी आणि पाना आणायचं मी नुसतं मनात आणलं. माझी हत्यारं फुलं वाहून मांडलेली, शेजारच्या दुकानांतलीही तशीच. आणि पूजेतलं हत्यार अक्का आपल्या अंगणात चालू देणार नव्हत्या, तसं त्यांनी मला आधीच बजावलं. मी विचारलं, मग स्वयंपाकघरातलं काही चालेल का? अक्कांनी क्षणभर विचार केला. विळी हत्यार आहे, ती पूजेत आहे, तिला हात लावायचा नाही. उलथनं हत्यार नाही. एवढं सांगून त्या आत गेल्या आणि लोखंडी उलथनं घेऊन आल्या.

उलथन्याला टॉवेल गुंडाळून मी ड्रायव्हरच्या दाराची वरची कड किंचित बाहेर ओढली. फट पडली, बोट जाईल न जाईल एवढी. आता हवी होती दोरी. गुळाच्या व्यापाऱ्याकडे सुतळीला तोटा नाही. सुतळीच्या मध्यावर सरकता फास केला आणि ती फटीतून आत सोडली. एक टोक दाराच्या पुढच्या बाजूने बाहेर, एक मागच्या. पुढचं आप्पांनी धरलं. उलथनं मी दाबून धरलेलं, ते सोडलं की फट मिटणार. मागचं टोक धरायला अक्काच उरल्या. त्यांनी पदर खोचला.

फास आत लोंबकळत खाली गेला, बटणाच्या डोक्यावरून घसरला. पुन्हा सोडला, पुन्हा घसरला. आप्पा घाईने ओढायचे. काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

"आवं, वडू नगासा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं ढिलं सोडा. मी सांगतो तवाच वडा."

आप्पांनी ढिलं सोडलं. अक्कांनी काचेला नाक लावून सुतळी तसू तसू सरकवली. फास कुंकवाच्या टिळ्यावर बसला. त्या हळूच हूं म्हणाल्या, दोघांनी मिळून ओढलं, फास आवळून बटण वर आलं, आणि चारी दारं खट्टदिशी उघडली.

आप्पांनी झडप घालून इंजिन बंद केलं. बॉनेट उघडल्यावर थोडी वाफ आली, इंजिनाला धक्का नव्हता. आप्पा तिथेच पायरीवर बसले. नारळ कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता, तो मी फोडला.

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा मुलगा आलेला होता, कागलचं गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं. गिऱ्हाइकाला गाडी पसंत होती. आप्पा कोपऱ्यात बसले होते. अक्का आतून आल्या आणि गाडी विकायची नाही म्हणाल्या. मुलगा चक्रावला. लॉकिंगचा घोटाळा त्याच्या कानावर गेला होता, तो म्हणाला, अगं, कालच तर केवढी पंचाईत झाली.

"व्हय की," अक्का म्हणाल्या. "मालकाला उघडंना, मेस्त्रीला उघडंना. मग चोराला काय उघडतंय?"

गिऱ्हाईक चहा संपवून गेलं. फियाट त्या दारात पुढे बरीच वर्षं होती. डुप्लिकेट किल्ली त्या दिवसापासून अक्कांच्या कमरेला गेली. नवं लॉकिंग बसवलेल्या प्रत्येकाला मी तेव्हापासून एकच सांगतो: आपण बाहेर असू तर किल्लीही बाहेर असू दे, पूजा असली तरी.