जिभेची डावी बाजू

चहाच्या कारखान्यात सगळे तिला ‘चवताई’ म्हणत. घोट तोंडात घोळवून थुंकला, की पानं कोणत्या मळ्यातली ते ती डोळे मिटून सांगायची. बावीस वर्षांत तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

मग अक्कलदाढ काढली आणि जिभेची डावी बाजू बधिर झाली. दाताच्या डॉक्टरांनी आरशात जीभ दाखवली.

“जबड्याला खेटून जाणारी नस दुखावलीय. या बाजूच्या पुढच्या भागाची चव तिच्यातूनच जाते. मागची नस वेगळी, ती शाबूत आहे.”

“चव परत येईल ना?”

“सांगता येत नाही.”

“दाढ गेली, अक्कल तरी राहिली ना?” घरी नवऱ्याने थट्टा केली. तिला हसू आलं नाही.

तीन आठवडे तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. घोट उजवीकडे ढकलून ती अंदाजाने शेरे लिहायची. एके दिवशी तिने पास केलेला माल धुरकट निघाला आणि साहेबांनी पानं सुकवणाऱ्या भट्टीवाल्याला फैलावर घेतलं. ती तडक आत गेली.

“त्यांना बोलू नका साहेब. धूर मलाच कळायला हवा होता. माझी अर्धी जीभ मेलीय.”

साहेबांनी भट्टीवाल्याला जायला खुणावलं. “बऱ्या होईपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी शिकवा, ताई.”

तिने मान डोलावली. जेवणाच्या सुट्टीत पहिला घास तिने मुद्दाम डावीकडे घेतला आणि चव लागते का पाहत चावत राहिली.