ओळखीचे

२००७च्या मार्चमध्ये मी आठ दिवसांची रजा काढून पुण्याहून आमगावला आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मित्र मोटरसायकल घेऊन दारात उभा. "चाल, इटियाडोह डॅम पाहून येऊ. मोबाईल घरी ठेव."

पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी शिकायला पुण्याला गेलो, तो धानाच्या शेतीत राहिला. मी पहिल्यांदा पुण्याला निघालो तेव्हा गोंदियाहून जनरलच्या डब्यात माझी वळकटी मांडीवर घेऊन तोच सोबत आला होता. खोली मिळेपर्यंत चार दिवस थांबला आणि मग एकटाच परत गेला. इटियाडोहला निघालो त्या सकाळीही त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी सोडायची पाळी होती, ती भावाच्या गळ्यात टाकून तो माझ्यासाठी आला होता.

देवरीपर्यंत आम्ही शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत गेलो. जंगलातल्या रस्त्यावर पळस फुलला होता आणि मोहाचा वास येत होता. कोहमाऱ्याला चहा घेतला. नवेगावबांधच्या पुढे एका झाडाखाली त्याच्या आईने दिलेले तांदळाच्या पिठाचे वडे खाल्ले. अर्जुनी ओलांडली आणि कालव्याच्या पाण्यावरचं उन्हाळी धान दोन्हीकडे हिरवंगार दिसायला लागलं. इतका मोकळा मी पुण्यात कधीच हसलो नव्हतो.

धरण पाहून झाल्यावर तो म्हणाला, "आता तुले दुसऱ्या देशात नेतो." म्हणजे जवळच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पात. झाडाझाडांतून रंगीत पताका, उतरत्या छपरांची घरं, उंबऱ्यावर जपमाळ ओढत बसलेल्या म्हाताऱ्या. एका घराच्या पडवीत आमच्याच वयाचा एक माणूस आणि त्याची आई मोमो विकत होते. आम्ही बाकावर बसलो.

मी त्या माणसाला हळूहळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आप लोग यहाँ कब आए?"

तो हसला. "मी त अठीच पैदा झालो जी. शाळा बी अठीच शिकलो. तुम्ही कोठले?"

माझा जिल्हा, माझी बोली, आणि समोर ती बिनधास्त बोलणारा माणूस. खरं उत्तर अगदी सोपं होतं. पण पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मी 'येऊन राहिलो' म्हणालो होतो, तेव्हा चार जण हसले होते. तेव्हापासून जीभ धरून बोलायची सवय लागली होती. मी म्हणालो, "पुण्याचा."

"हो का? हिवाळ्यात मी तिकडं स्वेटर विकाले येतो. तुमची मराठी तिकडचीच वाटते." मला ते ऐकून बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. "मंग इकडं कोनाकडं आले?"

मित्र माझ्या शेजारीच बसला होता, मांडीला मांडी लावून. त्याच्याकडे न पाहता मी म्हणालो, "हे ओळखीचे आहेत. धरण दाखवायला घेऊन आले."

मित्रच म्हणाला, "हो जी, पाव्हने आहेत. म्या म्हटलं, आपला डॅम दाखवून देऊ." त्याने माझं खोटं सांभाळून घेतलं. म्हातारीने आणखी दोन मोमो माझ्या ताटलीत वाढले, पाहुणा म्हणून. मी ते खाल्ले.

परतताना तो देवरीच्या अलीकडे गाडी थांबवून पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि विचारलं, "मी ओळखीचा होय का बे?"

गंमत केली असं म्हणावंसं वाटलं, पण ती गंमत नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. त्याने गाडीला किक मारली.

दिवेलागणीला त्याने मला घरी सोडलं. माझ्या आईशी नेहमीसारखा बोलला, चहा घेऊन गेला. रजेचे उरलेले दिवस तो आला नाही. मीही त्याच्या घरी गेलो नाही, आणि हा दुसरा गुन्हा.

पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाचं सांगायला फोन आला. "नमस्कार. माझं लग्न ठरलं आहे. तुला जमलं तर नक्की ये." शाळेच्या पुस्तकातली मराठी, एकेक शब्द जपून उच्चारलेला. मी म्हणालो, "काऊन बे असा बोलून राहिला?" तो म्हणाला, "तुला समजायला सोपं जावं म्हणून." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

लग्नाला मी गेलो. मांडवात त्याने मला त्याच्या सासऱ्यांपुढे नेलं, "हे पुण्याहून आले आहेत" असं म्हणाला आणि पहिल्या पंगतीत बसवलं. पाटावर बसून मी मान खाली घालून जेवलो. गावातली बाकीची मुलं, ज्यांच्यासोबत आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो, ती उघड्या अंगाने घामाघूम होऊन वाढत होती, आणि तो त्यांच्याशी हसत, त्यांच्यावर ओरडत होता, आमच्या बोलीत.