साबणी रंगाची मादी

आयर्लंडमधल्या मलिंगार गावात नोकरी लागली तेव्हा मला कुणी खोली देईना. शेवटी एका तुर्की न्हाव्याने दुकानावरची खोली दिली, ओळखपाळख न विचारता. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. परक्या माणसाने असा विश्वास टाकला, हे मी विसरणार नाही. त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं मी त्याला 'अबी' म्हणायचो.

दुकानामागच्या अंगणात त्याचा कबुतरखाना होता. कोलांट्या मारणारी ही तुर्की जात. उंच गेलं की पाखरू पंख फटकारत मागे उलटतं आणि पुन्हा सावरतं. अबीच्या लहानपणी त्याच्या गावात हिचे कितीतरी रंग होते: काळा, निळा, कस्तुरीसारखा गडद तपकिरी, आणि साबणी, म्हणजे वापरून झिजलेल्या वडीसारखा फिकट, पंखांवर तांबूस पट्टे. मग पोरं शहरात गेली. राहिलेल्यांनी पाखरं जास्त वेळ उडावीत म्हणून दुसऱ्या जातींशी संकर केला. पाखरं तासन् तास उडू लागली, कोलांटी विसरली, जुने रंगही गेले.

अबीकडे साबणी रंगाची एकच मादी उरली होती. जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या तुर्काकडे तिच्याच रंगाचा नर होता. जोडी लावायला तो नर उन्हाळ्यात इकडे येणार होता.

त्याआधी माझी आई गावाहून माझ्याकडे आली. सकाळी मी कामावर गेलो की ती एकटी अंगणात बसायची. गावाकडे पाखरांना दाणे टाकल्याशिवाय ती चहा पीत नाही.

"आरं, ह्यो माणूस पाखरं उपाशी ठिवतो," ती मला म्हणाली. "भांड्यात दाना न्हाई."

मी समजावलं. उडवायच्या दिवशी त्यांना उपाशीच ठेवतात. डब्यात दाणे खुळखुळवले की भुकेलं पाखरू लगेच खाली येतं. पोट भरलेलं पाखरू कुठंही बसून राहतं.

"उपाशी उडवायचं? कसला रं तुजा अबी!"

मी हसलो. तिला पटलं असं धरून चाललो.

शनिवारी दुपारी अबीने पाखरं सोडली. साबणी मादीने वर जाऊन लागोपाठ कोलांट्या मारल्या. अबी मान वर करून हसत होता. मग त्याने डबा खुळखुळवला. एकही पाखरू उतरेना. काळी, निळी आमच्याच छपरावर बसली. मादी पलीकडच्या घराच्या धुराड्यावर जाऊन निवांत पिसं साफ करू लागली. अबी डबा हलवतच राहिला. जाळीपाशी त्याला तांदळाचे चार दाणे दिसले. ते उचलून त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. एवढ्यात ससाणा आला. धुराड्यावर थोडी फिकट पिसं राहिली.

"इट्स ग्रँड," अबी म्हणाला. काहीही बिघडलं तरी इथं सगळे तेच म्हणतात, 'ठीक आहे' अशा अर्थाने. डबा घेऊन तो दुकानात गेला.

"तू तांदूळ घातलास?" मी आईला विचारलं.

"रोजच घालती. भुकेल्याला घास दिला, त्यात काय पाप केलं?"

"अगं, ती एकच होती. आता तो रंगच गेला."

"ससान्यालाबी प्वाट हाय की."

जर्मनीतल्या म्हाताऱ्याने नर पाठवला नाही. जोड नाही तर कशाला, म्हणाला. थंडीत अबीने उरलेली पाखरं शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या एका माणसाला देऊन टाकली. त्याने ती आपल्या पाखरांशी जोडली. त्यांची पिल्लं कधीकधी दुकानावरून जातात, राखाडी, सरळ रेषेत. अबी दारात उभा असला तरी वर बघत नाही. माझे केस मात्र तो अजूनही कापतो, पूर्वीइतकेच नीट.

आई गावी बायकांना सांगते, लेकाकडं परदेशातसुद्धा एक दिवस पाखरांना उपाशी ठेवलं नाही.