बोलावणं न आलेलं रान

तेलगावच्या अलीकडं बद्रीनाथचं रान लागतं. तिथं आलं की म्हाळू मेंढरांना घाई करायचा. कापूस वेचून झालेला, पऱ्हाटी उभी, पाला अजून हिरवा. अशा रानात काही रात्री मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत मालकाला, जवारी धनगराला. हे नातं म्हाळूच्या बापानं बद्रीनाथच्या बापाशी जोडलेलं.

दोन वर्षांमागं ते तुटलं. मेंढरं उसाच्या कोवळ्या फुटव्यात शिरली आणि बद्रीनाथ पारावर चारचौघांत म्हणाला, "तुझा बाप असता तर असं झालं नसतं." नुकसानीचं बोलला असता तर म्हाळूनं खाली मान घालून ऐकलं असतं. बापाचं नाव मात्र आत जाऊन बसलं. तेव्हापासून हिवाळ्यात बाकीच्या शेतकऱ्यांचे फोन येत, बद्रीनाथचा येत नसे. भांडणालाही रोज चारा घालावा लागतो, नाहीतर ते वाळून मरतं. या दोघांनी आपापलं नीट पोसलं होतं.

"हितंच उतरू," घोड्याचा कासरा धरून चालणारी त्याची बायको बायडाबाई म्हणाली. "गाभण्या मेंढ्या दमल्यात. म्होरं पाणी न्हाई."

"बोलावल्याबिगर?"

"बोलावणं तुमाला लागतं. त्यांला न्हाई."

म्हाळूनं मेंढरं पुढं रेटली. पण म्होरकी मेंढी बांधाशी थबकली, सवयीनं वळली आणि तिच्यामागं सगळा कळप पऱ्हाटीत उतरला. म्हाळू काठी घेऊन धावला. शिट्ट्या घातल्या, शिव्या घातल्या. तेवढ्यात विहिरीकडून बद्रीनाथ येताना दिसला.

"कावून हाकलतो बे?"

"चुकली, मालक. काढतो."

"चुकली कुठं? त्यांची वाटच ही हाय."

"जनावरं ती. त्यांला काय कळतंय."

"तुला तर कळतंय. मग दोन वर्सं सरळ कावून गेलास?"

म्हाळू काठीनं ढेकूळ फोडत राहिला. "तुमी फोन न्हाई केला."

"तुझ्या बापाला कोण फोन करत व्हतं?"

बापाचं नाव पुन्हा निघालं होतं. म्हाळूनं दुखायची वाट पाहिली. दुखलं नाही.

"वरच्या तुकड्यापासून बसव," बद्रीनाथ म्हणाला. "उसाकडं मीच बघतो."

बायडाबाईनं कुणाच्या तोंडाकडं न बघता घोड्यावरचं ओझं सोडलं. दिवस कलला होता. मेंढरांभोवती लावायची जाळी, वाघर, ताणायला दोन माणसं लागतात. पोरगा अंगद आता परळीला वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिप्परवर ड्रायव्हर, आणि बायडाबाई चुलीला दगड शोधत होती. म्हाळू एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्याकडं निघाला, तर ते बद्रीनाथनं उचललेलं.

"तुमी ठिवा, मालक."

"ओढ गप."

वाघर मधेच जमिनीला टेकली.

"ढिली हाय," म्हाळू म्हणाला. "लांडग्याला जेवायला बोलावलंय का?"

"लई शहाणा झालास. तुझंच टोक ढिलं असंल."

"माझं ताठ हाय. तुमचे हात लोण्याचे झालेत, ट्रॅक्टरवर बसून बसून."

पलीकडं बायडाबाई हसली. बद्रीनाथनं पायजमा वर खोचला, टाच मातीत रोवली आणि अशी ओढ घेतली की म्हाळू दोन पावलं पुढं फरफटला. मग त्यानंही पाय रोवले.